परत फिरणे परवडले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वतांवरील सुट्टीतल्या चढाईविषयीचा लेख वाचला. आपल्या गोव्यातील सोंसोगड आणि वाघेरी या डोंगरांच्या पलीकडे मुलामुलींची नजर जाऊ लागली आहे आणि रशियातील एल्ब्रुस, आफ्रिकेतील किलिमांजारो, अमेरिकेतील रेनियर ही नावे म्हापसा-फोंड्याच्या घरांतून कानी पडू लागली आहेत, याचे मनापासून कौतुक वाटते. तथापि, ‘या शिखरांना तांत्रिक कौशल्य लागत नाही, चालण्याचा दम असला की पुरे’ हे लेखातील विधान आणि ‘शनिवारी निघा, रविवारी शिखरावर’ हा सल्ला वाचून चार शब्द लिहिल्यावाचून राहवले नाही. नोकरीनिमित्त मी काही वर्षे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात होतो. त्यामुळे हा छंद जिथे रुजला तिथले लोक तो कसा जोपासतात हे मला जवळून पाहता आले आणि त्यांतील काही डोंगर मी स्वतःही चढलो आहे.

त्या भागात कॅस्केड नावाची ज्वालामुखींची रांग आहे. बेकर, रेनियर, ॲडम्स, सेंट हेलेन्स, हूड, शास्ता ही तिची प्रमुख शिखरे. सिएटल किंवा पोर्टलँडहून मोटारीने काही तासांत पायथा गाठता येतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून सुटलेला माणूस रविवारी रात्री घरी परतलेला असतो. ही हौस नवी नाही. ‘मझामाज’ ही तिथली जुनी गिर्यारोहण संस्था १८९४ मध्ये हूडच्या माथ्यावरच स्थापन झाली आणि हिमनदी असलेले शिखर स्वतःच्या पायांनी चढलेल्यालाच सभासदत्व, अशी तिची मूळ अट होती. शिखर आधी आणि सभासदत्व मागाहून, हा क्रम मला फार आवडतो.

या पर्वतांचे उतार बऱ्याच ठिकाणी उभ्या कड्याचे नसून लांबलचक, एकसंध आणि मध्यम चढाचे असतात आणि गफलत होते ती नेमकी इथेच. आपल्या सह्याद्रीत पाय घसरला तर करवंदाची जाळी, एखादे झाड, निदान कातळाचा टप्पा तरी आडवा येतो. पहाटेच्या घट्ट गोठलेल्या बर्फावर मात्र अडवणारे काहीच नसते. तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर घसरलेला माणूस पहिल्या दोन-तीन सेकंदांत स्वतःला थोपवू शकला तर थोपवला. त्यानंतर त्याचा वेग हाताच्या ताकदीपलीकडे गेलेला असतो आणि खाली हिमनदीची भेग, खडक किंवा कडा वाट पाहत असतो.

स्वतःला थोपवण्याचे हे तंत्र, ज्याला गिर्यारोहक सेल्फ अरेस्ट म्हणतात, वाचून येत नाही. मी तिथल्या एका क्लबच्या वर्गात ते शिकलो. आईस ॲक्सचे, म्हणजे बर्फावर वापरायच्या कुऱ्हाडीचे, डोके एका हातात घट्ट धरून खांद्यालगत आणायचे, दुसऱ्या हाताने दांड्याचे खालचे टोक कमरेजवळ दाबून धरायचे, पालथे होऊन छातीचा सगळा भार दांड्यावर टाकायचा आणि टोकदार पाते बर्फात रुतवायचे. पायांत क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे दातेरी तळवे, असतील तर पावले उचलून धरायची, कारण त्यांचे दात बर्फात अडकले की माणूस उलटा फेकला जातो आणि घोटा मोडतो. शिकवणारे गृहस्थ आम्हाला सुरक्षित उतारावरून आधी पायांकडून, मग डोक्याकडून आणि शेवटी पाठीवर उताणे, डोके खाली अशा स्थितीत सोडून देत. शेवटच्या प्रकारात वर फक्त आकाश दिसते, कॉलरमधून बर्फ आत शिरतो, हातमोजे भिजून बोटे बधिर झालेली असतात आणि अशा वेळी कोणत्या बाजूला वळायचे हे मेंदूला नव्हे, खांद्याला ठाऊक असावे लागते. यालाही तांत्रिक कौशल्य म्हणायचे नसेल तर मग कशाला म्हणायचे?

वेळेचा हिशेबही लेखात आलेला नाही. रेनियरवर जाणारे लोक पहिल्या दिवशी पॅराडाइज या सुमारे १,६५० मीटरवरील ठिकाणाहून सुमारे ३,०७० मीटरवरील कॅम्प म्यूरला पोहोचतात, संध्याकाळी लवकर झोपतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याला दिवे बांधून, एकमेकांना दोराने जोडून निघतात. हा सूर्योदय पाहण्याचा शौक नव्हे. रात्री गोठलेला बर्फ पायाला धरतो आणि भेगांवरचे बर्फाचे पूल भार सोसतात. ऊन चढले की तेच पूल मऊ पडतात आणि ज्वालामुखीचा ठिसूळ खडक बर्फाच्या पकडीतून सुटून खाली येऊ लागतो. म्हणून परत फिरण्याची वेळ आदल्या दिवशीच ठरवतात आणि शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी त्या वेळेला पाठ फिरवतात. रेनियरवर चढाईचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच ४,३९२ मीटरच्या माथ्यावर पोहोचतात, ते काही उरलेल्यांना दम कमी पडतो म्हणून नव्हे.

हवेविषयी थोडे अधिक सांगायला हवे. एकटा उभा असलेला उंच शंकू समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्याला वर ढकलतो आणि पायथ्याला लख्ख ऊन असताना माथ्यावर ढगाची टोपी चढते. (छायाचित्रांत हे पर्वत नेहमी शांतच दिसतात, कारण वाईट हवेत कोणी कॅमेरा बाहेर काढत नाही.) ढगात शिरल्यावर जमीन, आकाश आणि क्षितिज सगळे एकाच रंगाचे होते. त्यात शंकूची म्हणून एक अडचण आहे. माथ्यावरून खाली जाणाऱ्या दिशा छत्रीच्या काड्यांसारख्या फाकत जातात आणि वर झालेली काही अंशांची चूक पायथ्याशी भलत्याच दरीत नेऊन सोडते. हूडवरून उतरताना माणूस सहज सरळ उताराची वाट धरतो, पण तो उतार निघालेल्या ठिकाणाकडे, म्हणजे टिंबरलाइन लॉजकडे, जात नाही. तो पश्चिमेला मिसिसिपी हेड नावाच्या कड्याकडे नेतो. वाट चुकण्याचा हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तिथल्या लोकांनी त्या भागाला ‘हूडचा त्रिकोण’ असे नावच दिले आहे. होकायंत्र आणि नकाशा, किंवा आजच्या काळात जीपीएसवर चढतानाच नोंदवून ठेवलेली वाट, हाच यावर इलाज आहे.

शिवाय हे ज्वालामुखी आहेत, हे लेखात केवळ सौंदर्यापुरते आले आहे. १८७० च्या ऑगस्टमध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि पी. बी. व्हॅन ट्रम्प यांनी रेनियरची पहिली नोंदलेली चढाई केली, तेव्हा माथ्यावर अंधार पडला आणि विवरातील वाफेने बर्फात कोरलेल्या गुहेत रात्र काढल्यामुळे ते वाचले. तीच उष्णता हूडच्या विवराजवळ बर्फ आतून पोखरते. वरून सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली पोकळी असते आणि तिच्यात हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठलेले असू शकतात. सेंट हेलेन्सचा १८ मे १९८० रोजीचा उद्रेक सुमारे दोन महिने पूर्वसूचना देऊन झाला, तरीही ५७ माणसे गेली आणि २,९५० मीटरचा डोंगर २,५४९ मीटरचा झाला. आज त्याच्या विवराच्या काठावर बर्फाचे छज्जे हवेत पुढे आलेले असतात आणि फोटोसाठी टोकावर जाणाऱ्याला आपण डोंगरावर उभे आहोत की पोकळीवर, हे कळत नाही. जपानच्या ओन्ताके पर्वताचा २७ सप्टेंबर २०१४ चा स्फोट तर शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. पानगळीचे रंग पाहायला आलेल्या सुट्टीतल्या लोकांची माथ्यावर गर्दी होती आणि धोक्याची पातळी सर्वांत खालची होती. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जणांचा तिथे अंत झाला.

विरळ हवेबद्दल फार लिहीत नाही, कारण किलिमांजारोच्या निमित्ताने आपल्याकडे ते बऱ्यापैकी माहीत झाले आहे. एवढेच सांगतो की पणजी काय किंवा सिएटल काय, दोन्ही समुद्रसपाटीवरची शहरे आहेत आणि दोन दिवसांत ४,००० मीटरच्या वर जाऊन येणारा माणूस शरीराला सवय होण्याच्या आतच वर गेलेला असतो. बहुतेकांचे डोकेदुखी आणि मळमळ यांवर भागते ते केवळ लगेच खाली येतात म्हणून. खाली येणे लांबले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

या सर्व गोष्टी माहीत असूनही सिएटलची माणसे दर उन्हाळ्यात जातात आणि बहुतेक सुखरूप परततात, ते कसे, याचे उत्तर मला त्यांच्या धाडसात सापडले नाही. त्यांना परत फिरणे स्वस्त पडते. ढग उतरला, बर्फ मऊ लागला, जोडीदाराचे डोके दुखू लागले, तर ते मोटारीत बसून घरी येतात, कारण डोंगर पुढच्या शनिवारीही तिथेच असतो. बुडते ते फक्त पेट्रोल. गोव्याहून जाणाऱ्याने मात्र व्हिसा, विमान, भाड्याने घेतलेले बूट आणि वर्षभर जपलेली रजा असे सगळे एकाच चढाईवर लावलेले असते. त्यात गावच्या क्लबने निरोप समारंभ केलेला, बॅगेत तिरंगा आणि शिखरावर फडकवायची तारीख १५ ऑगस्ट ठरलेली. अशा माणसाला शिखराखालून दोनशे मीटरवर ‘चला, मागे फिरूया’ असे म्हणायला किती मोठे मन लागेल! सुट्टीतला छंद म्हणून आपण तो लेखात उचलून आणला खरा, पण ज्या एका सवलतीमुळे तो तिथे छंद राहतो ती सवलत आपल्याला मिळत नाही.

हूडवर मे १९८६ मध्ये ओरेगनमधील एका शाळेची सहल हवा बिघडत असतानाही वर जात राहिली, उशिरा फिरली आणि वादळात बर्फाची गुहा खोदून बसली. ७ विद्यार्थी आणि २ मोठी माणसे दगावली. एल्ब्रुसवर तर रोपवे ३,८०० मीटरच्या वर आणून सोडतो, म्हणून ५,६४२ मीटरचा तो डोंगर जवळचा भासतो. तिथे सप्टेंबर २०२१ मध्ये ५,००० मीटरच्या वर वादळाने गाठलेल्या तुकडीतील ५ जण मरण पावले. हे लिहिताना दुसरी बाजूही सांगायला हवी. २१ जून १९८१ रोजी, रविवारीच, रेनियरच्या इंग्रहॅम हिमनदीवर अनुभवी वाटाड्यांबरोबर पहाटे निघालेल्या तुकडीवर वरून बर्फाचे कडे कोसळले आणि ११ जण त्याखाली गेले. त्यांनी वेळ पाळली होती आणि नियमही पाळले होते. तेव्हा शिक्षण घेतले की धोका संपला, असे मी म्हणत नाही. जो धोका टाळता येतो तो अज्ञानापोटी पत्करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आपल्या राज्यात बर्फ नाही. थंडी म्हणजे डिसेंबरात वाळपईच्या बाजूला पडणारे पहाटेचे धुके. पावसात दूधसागरच्या वाटेवर चालून पायांत बळ येते, बर्फावरचे पाऊल येत नाही. त्यामुळे आपल्याकडील मुलांनी आधी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची संस्था यांपैकी एकीचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. तिथे आईस ॲक्स, क्रॅम्पॉन, दोर आणि हिमनदी हे सारे हाताखालून जाते आणि परदेशवारीच्या खर्चाच्या मानाने त्याचे शुल्क फारच कमी असते. त्यानंतर परदेशी जायचे झाल्यास बेतात निदान दोन-तीन दिवस वाईट हवेसाठी राखून ठेवावेत आणि ते राखीव दिवस देत नाही अशा सहल कंपनीकडे पैसे भरू नयेत. प्रवास विम्याची कलमेही बारकाईने वाचावीत. अनेक पॉलिसींत दोर आणि आईस ॲक्स वापरून केलेली चढाई, किंवा ठरावीक उंचीवरची कोणतीही चढाई, वगळलेली असते आणि हेलिकॉप्टरचे बिल आल्यावर ते कळते.

महाविद्यालये आणि क्लब यांना एक विनंती आहे. मदतीसाठी अर्ज घेऊन येणाऱ्या मुलाला शिखराची उंची विचारण्याआधी त्याने बर्फावर कुठे, किती आठवडे आणि कोणाकडे शिक्षण घेतले हे विचारावे. मिळणारी मदत शिखर गाठल्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवू नये, म्हणजे न गाठता परतलेल्यालाही ती पूर्ण मिळेल. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी असा लेख छापताना प्रत्येक शिखरासोबत चढाईचा हंगाम, परवान्याची अट आणि परत फिरण्याची वेळ यांची चौकट द्यावी. उत्तरकाशीच्या वर्गांच्या जागा बऱ्याच आधी भरतात, तेव्हा पुढील उन्हाळ्याचा विचार करणाऱ्यांनी चौकशी आताच सुरू करावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक, फोंडा