धावपटू प्रिचर्ड आणि नट ट्रेव्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीतील ऑलिम्पिक पदकांच्या आढाव्यात कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचा उल्लेख ‘वैयक्तिक पदक मिळवणारे पहिले भारतीय’ असा झाला आहे. मी कराडचा, खाशाबांचे गाव गोळेश्वर आमच्या उशालाच, त्यामुळे हेलसिंकीतील १९५२च्या त्या कांस्यपदकाचा अभिमान मला कोणी शिकवायला नको. तरीही त्या वाक्यात ‘स्वतंत्र भारताचे’ हे दोन शब्द हवे होते, कारण ते गाळले की कलकत्त्यात जन्मलेले नॉर्मन प्रिचर्ड हिशेबातूनच बाद होतात. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते पाच शर्यतींत उतरले आणि २०० मीटर धावणे व २०० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोन्हींत त्यांनी रौप्य मिळवले. नेमबाज मनू भाकर यांनी २०२४ मध्ये त्याच शहरात, प्रिचर्ड यांच्याप्रमाणेच एकाच ऑलिम्पिकमध्ये, दोन पदके जिंकली, तेव्हा वृत्तपत्रांना प्रिचर्ड आठवले होते. ती आठवण इतक्यात पुसली जावी याचे वाईट वाटते.

प्रिचर्ड नुसते धावपटू नव्हते. बंगालमधील १०० यार्डांच्या शर्यतीचे विजेतेपद १८९४ पासून सलग सात वर्षे त्यांच्याकडे होते. सेंट झेवियर्सकडून फुटबॉल खेळताना १८९७ मध्ये शोभाबाजार संघाविरुद्ध त्यांनी केलेली हॅटट्रिक ही भारतातील खुल्या स्पर्धेतील पहिली मानली जाते आणि पुढे इंडियन फुटबॉल असोसिएशनचे सचिवपदही त्यांनी सांभाळले. असा माणूस इंग्लंडला जाऊन रंगभूमीवर उभा राहतो, ‘नॉर्मन ट्रेव्हर’ हे नाव घेतो, लंडनहून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि तेथून हॉलिवूडच्या मूकपटांत पोहोचतो, हे आज कादंबरीतही कोणाला खरे वाटणार नाही. १९२६च्या ‘ब्यू जेस्ट’मधील मेजर द ब्यूजोले ही भूमिका त्यांचीच. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. पडद्यावरचे नाव निराळे असल्यामुळे हा नट आणि तो धावपटू एकच, हे चित्रपटांची आवड असलेल्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

‘ते तर इंग्रज होते’, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने त्यांची पदके ब्रिटनच्या नावे मांडली आहेत, हेही खरे. मात्र आजच्यासारखी राष्ट्रीय पथके आणि ध्वजसंचलन पॅरिसमध्ये तेव्हा नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ही पदके आजही भारताच्याच खात्यावर दाखवते. शिवाय ज्याचे धावणे आणि फुटबॉल दोन्ही कलकत्त्याच्या मैदानांवर घडले, त्याला परका ठरवण्याची घाई निदान आपण तरी का करावी?

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि जागा असल्यास प्रिचर्ड यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा. तो क्रीडा पुरवणीत घ्यायचा की चित्रपटांच्या पानावर, हे मात्र आपणच ठरवावे.

आपला,
एक नियमित वाचक, कराड