ताई, तुमच्या त्या प्रशिक्षणासाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

ट्रकचालकांसाठी तुम्ही घेतलेल्या प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसलेला मी तुम्हाला आठवणार नाही. माणसांच्या तस्करीचं ड्रायव्हरला कशाला शिकवतात, असं मी शेजारच्याला म्हणालो होतो. अमेरिकेत २००९ पासून एक संस्था खास ट्रकचालकांना हे शिकवते, असं तुम्ही सांगितलंत. रात्री-अपरात्री पंपावर, ट्रकतळावर जागे असतो ते आम्हीच. तेव्हा मी नीट ऐकायला लागलो.

गेल्या महिन्यात रात्री तळावर टायर तपासत होतो. शेजारच्या गाडीपाशी एक मुलगी उभी होती, पंधरा-सोळा वर्षांची असेल. पायात चप्पल नव्हती. "कुठं निघालीस गं?" तिनं तोंड उघडायच्या आत सोबतचा माणूस म्हणाला, "भाची आहे माझी." ती हळूच त्याला म्हणाली, "माझा फोन द्या ना." त्यानं नुसतं तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पूर्वीचा मी एक तर 'घरचा मामला' म्हणून निघून गेलो असतो, नाहीतर त्याची गचांडी धरली असती. तुम्ही म्हणाला होता, "भांडू नका. तुम्ही गेल्यावर मार तिलाच बसतो." मी केबिनमध्ये चढलो. बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागं गाडीचा नंबर, रंग, दोघांचे कपडे, वेळ, गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते, सगळं लिहिलं आणि हेल्पलाइनला फोन लावला.

बोलताना एकदा अडखळलो. मुलीला कुणी ओढत तर नव्हतं, ती आपल्या पायांनी चालत होती. मग संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारातलं तुम्ही सांगितलेलं आठवलं: १८ वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं, तर जबरदस्ती झाली की नाही हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ठरवायचं काम माझं नव्हतं. दिसलं तेवढं सांगितलं. गाडी तळावरून हलायच्या आत पोलीस आले.

ती त्याची भाची नव्हती, एवढंच मला नंतर कळलं. पुढचं मी विचारलं नाही, तिचं नावही नाही.

ताई, तुमचे उपकार मोठे आहेत. तुम्ही शिकवलं नसतं, तर मी टायर तपासून झोपलो असतो. आता एक विनंती: तळांवरच्या रखवालदारांनाही हे शिकवा. ती दोघं फाटकातून, तिथल्या रखवालदाराच्या समोरूनच आत आली होती.

आपला,
मागच्या बाकावरचा ट्रकचालक