गिझर किती लिटरचा, हे शेवटी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की आपल्या अंकात गॅस गिझरच्या जाहिराती झळकू लागतात. ‘६ लिटर’, ‘१० लिटर’ (म्हणजे मिनिटाला इतकं गरम पाणी), ‘नळ सोडा, गरम पाणी हजर’. त्यात खोटं काहीच नाही. माझ्याही घरी गॅस गिझर आहे आणि तो काढायचा माझा विचार नाही. पण जाहिरातीत जे कधीच नसतं, त्याबद्दल चार ओळी लिहितो.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात मी ३१ वर्षं बॉयलर अटेंडंट होतो. आमच्या काळी बॉयलर म्हटला की १९२३ चा बॉयलर कायदा, दर वर्षी इन्स्पेक्टरची तपासणी आणि धूर वर नेणारी उंच चिमणी. अशा माणसाने स्वतःच्या घरात मात्र बिनचिमणीची भट्टी बाथरूममध्ये टांगून घेतली, हे आधीच कबूल करतो.

झालं असं की आमच्या ऐरोलीच्या इमारतीत पाईपचा गॅस आला. घरात पाच माणसं, सकाळी सहापासून बाथरूमपुढे रांग. विजेच्या गिझरची १५ लिटरची टाकी पहिल्या आंघोळीतच संपायची आणि दुसऱ्याने बादली घेऊन पाव तास ताटकळायचं. मग गॅस गिझर घ्यायचं ठरलं. दुकानदाराने विचारलं, ‘‘काका, किती लिटरचा देऊ?’’ फिटरने विचारलं, ‘‘काका, ड्रिल कुठे मारू?’’ संपली चौकशी. बाथरूमची खिडकी कुठे उघडते, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाईपांच्या अरुंद पोकळीत उघडते. तीही मीच कबुतरांच्या त्रासाने काचांवर ॲक्रिलिकचा पत्रा ठोकून बंद केली होती.

जानेवारीतली सकाळ. नात आंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. ‘‘आजोबा, डोकं गरगरतंय.’’ सूनबाई म्हणाली, उपाशीपोटी गेलीस ना, म्हणून. ती लिंबूसरबत करायला आत वळली आणि मी नळ बंद करायला बाथरूममध्ये गेलो. सहज वर नजर गेली. गिझरच्या काचेतून ज्योत दिसत होती, शेंडे पिवळे पडलेले. कारखान्यात ज्योत पिवळी दिसली की आम्ही आधी हवा वाढवायचो, बाकीचं मागाहून. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गिझर बंद केला, पोरीला उचलून गॅलरीत नेलं, मग डॉक्टरांकडे. दुपारपर्यंत ती ठणठणीत झाली. मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

त्या दोन रात्रींत मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाचेक मोठे बर्नर एकदम पेटवण्यासारखंच. एक घनमीटर गॅस नीट जळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते. त्या हिशेबाने दहा मिनिटांच्या आंघोळीत हा गिझर दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. चार बाय सहा फुटांच्या आमच्या बाथरूममध्ये हवा आहेच मुळी साडेपाच घनमीटरच्या आसपास. दार बंद, खिडकी बंद, त्यात जळलेला वायू तिथल्या तिथे घुमणार. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ‘गॅसचा वास आला असता की!’ असं मला शेजारच्यांनी ऐकवलं. वास येतो तो न जळलेल्या गॅसला, तोही मुद्दाम मिसळलेला असतो म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला नुसती गुंगी आल्यासारखं वाटतं, आणि दाराची कडी आतून लावलेली असते.

म्हणून घेणाऱ्याने आधी गिझर कुठे बसणार ते ठरवावं. तो बाथरूमच्या बाहेर हवा, मोकळ्या गॅलरीत उत्तम, आणि धुराचा पाईप उघड्यावर काढलेला. डक्टमध्ये धूर सोडला तर तो वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. लिटरचा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा पाणी बर्फासारखं नसतं, एका बाथरूमला ६ लिटर पुरतं. १० लिटरचा पूर्ण ज्योतीवर चालवला तर आग मोठी आणि हवाही तितकीच जास्त लागणार. गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांनी आधी प्रेशर बघावं. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब, हा आमच्या धंद्यातला हिशेब. तीन मीटरवर टाकी असेल तर शॉवरला उरतं किती? गिझर नुसता टकटक करत राहतो, पेटत नाही, आणि लोक बिचाऱ्या सेलना शिव्या देतात. आणखी एक, सिलेंडरवरचा गिझर पाईपच्या गॅसला तसाच जोडू नये. दोन्हीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, वेगळे असतात.

आता सोसायटीविषयी. गिझर मागच्या गॅलरीत हलवायला आणि भिंतीला चार इंची भोक पाडायला मी परवानगी मागितली, तर ‘इमारतीचं रूप बिघडेल’ म्हणून अर्ज तीन महिने पडून राहिला. त्याच भिंतीवर एसीची डझनभर खोकी लटकताहेत. शेवटी कमिटीच्या बैठकीत मी तो कॅलेंडरचा कागदच वाचून दाखवला. परवानगी मिळाली, आणि आणखी चार घरांनी आपापले गिझर बाहेर काढले.

आपल्याला विनंती एवढीच, की गिझरच्या जाहिरातीखाली ‘बाथरूमच्या आत बसवू नये’ ही एक ओळ ठळक छापण्याचा आग्रह जाहिरातदारांकडे धरावा. विक्रेत्यांनीही बिल फाडण्याआधी खिडकीची चौकशी करावी. त्यात एखादं गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ दे.

कबुतरांनी अजून माझा पिच्छा सोडलेला नाही. दर रविवारी मी बॅटरी घेऊन धुराच्या पाईपच्या तोंडात डोकावतो. गेल्या रविवारी आत दोन काड्या आणि केरसुणीचा एक हीर निघाला. ओढून काढला, आणि मगच नातीला म्हटलं, ‘‘जा आता आंघोळीला.’’

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट, ऐरोली