गावाला ठाऊक असलेली बंदूक आणि कमरेला लपवलेलं पिस्तूल

मा. संपादक,

गेले काही दिवस तुमच्या पत्रांच्या सदरात अमेरिकेतल्या पिस्तूल कायद्यावरून जी चर्चा चाललीय ती मी रोज वाचतेय. त्यातल्या एका पत्रात 'फ्लोरिडासारखा कायदा गोव्यात पण आणा, मग बघा चोर कसे सरळ होतात' असं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून परवान्याची बंदूक आहे, म्हणजे बंदूक बघून घाबरणाऱ्यातली मी नाही हे आधीच सांगून ठेवते.

आधी त्या कायद्यात आहे काय ते बघू, कारण पत्र लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी नुसतं नाव ऐकलेलं दिसतंय. फ्लोरिडात कपड्याखाली पिस्तूल लपवून फिरायला पूर्वी परवाना लागायचा, आणि परवाना हवा तर आधी पिस्तूल चालवायचं ट्रेनिंग घेतल्याचं दाखवावं लागायचं. 2023 च्या एप्रिलमध्ये तिथल्या गव्हर्नर डिसँटिस यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि 1 जुलैपासून ही अट गेली. आता ज्याला कायद्याने पिस्तूल बाळगायला बंदी नाही असा 21 वर्षांवरचा माणूस ना ट्रेनिंग ना परवाना, कमरेला लावून बाजारात जाऊ शकतो. टेक्ससने हेच 2021 मध्ये केलं आणि 2024 पर्यंत असली 29 राज्यं झाली, म्हणजे अमेरिकेतली निम्म्याहून जास्त राज्यं.

पण त्याच फ्लोरिडाच्या कायद्यात पिस्तूल कुठे न्यायचं नाही याची यादी पण आहे आणि ती कुणी पत्रात लिहिली नाही. कोर्टात नाही, पोलीस स्टेशनात नाही, शाळेत नाही, मतदान केंद्रावर नाही, विमानतळाच्या टर्मिनलमध्ये नाही, बारमध्ये नाही, आणि विधिमंडळाच्या बैठकीत तर अजिबात नाही. हे वाचून मला खरंच राग आला. पिस्तूल जवळ असल्याने सगळे सुरक्षित होतात असं ज्या आमदारांना वाटतं त्यांनी स्वतःच्या सभागृहात ते का येऊ दिलं नाही? सुपरमार्केटात काउंटरवर बसलेल्या पोरीने मात्र समोरच्या गिऱ्हाइकाच्या शर्टाखाली काय आहे ते न कळता बिल करायचं, हा कुठला न्याय. माझा भाचा मायामीहून सुटणाऱ्या क्रूझवर आहे, तो सांगतो की बोटीवर चढताना सगळ्यांच्या बॅगा स्कॅनरमधून जातात, हत्यार कुणालाच चालत नाही आणि त्यावर कुणी हुज्जत पण घालत नाही. म्हणजे आठवडाभर बायकापोरांना घेऊन मजा करायची असते तेव्हा आजूबाजूला पिस्तुलं नकोत हे तिथल्या लोकांना पण पटतं, मग रस्त्यावर का पटत नाही?

आता आपल्याकडचा कायदा. आपला आर्म्स ॲक्ट 1959 चा, आणि त्याच्या 13 व्या कलमात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. स्वतःच्या रक्षणासाठी किंवा नेमबाजीसाठी 20 इंचांपेक्षा कमी नाही अशा आतून गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याला वेगळं धरलंय, माणूस नालायक नसेल तर तो द्यायला हवा असं तिथे आहे. बाकीच्या बहुतेक हत्यारांना, म्हणजे पिस्तुलाला पण, तुमच्याकडे योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. लांब नळीची बंदूक खिशात मावत नाही, ती खांद्यावर टाकून चाललात तर दहा माणसं बघतात. आणि सगळा फरक इथेच आहे असं मला वाटतं.

आमच्या वाड्यावर कुणाकडे बंदूक आहे ते शेंबड्या पोराला पण माहीत असतं. रात्री कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत, रानडुकरं शिरली, केळी आडवी करायला लागली की आमचे हे एकनळी घेऊन पुढच्या बाजूला जातात, पण काडतूस भरायच्या आधी शेजारच्या दोन्ही घरांच्या दिशेने मोठ्यांदा हाळी देतात, 'बार काढतोय रे!' समोरून 'काढ' असा आवाज आला, की मगच. कारण त्या वेळी कुणी बॅटरी घेऊन पाणी लावायला किंवा नुसता बाहेर पडलेला असू शकतो. आणि बार पण बहुतेक वेळा हवेतच, डुक्कर मारायचं म्हटलं की वन्यजीव कायदा आडवा येतो. सकाळी मग सगळ्यांना ठाऊक असतं की रात्री बार कुणी काढला, किती वाजता काढला आणि कशासाठी. ही हाळी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, सासरे द्यायचे म्हणून हे देतात. शिकारीला गेलेल्यांना आपल्यातल्याच कुणाची तरी गोळी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, जिथे चोरून लपून काम चालतं तिथेच असं होतं.

कमरेला लपवलेल्या पिस्तुलाला हाळी नाही. कळंगुटला पार्किंगवरून रोज भांडणं होतात, दोन बाजूंनी चार-चार जण गाड्यांतून उतरतात, शिव्या देतात, कॉलर धरतात आणि शेवटी कुणीतरी मध्ये पडून सोडवतो. त्यातल्या एकाच्या जरी शर्टाखाली पिस्तूल असलं तर तो मध्ये पडणारा माणूस पडेल का मध्ये? मी तरी माझ्या मुलाला पडू देणार नाही. आणि आपल्याकडे दारूचे बार आहेत किती! फ्लोरिडाच्या यादीप्रमाणे बारमध्ये पिस्तूल बंद करायचं ठरवलं तर गोव्यात उरणार काय, नुसता रस्ता, आणि त्या रस्त्यावर बारमधून बाहेर पडलेलाच माणूस चालतोय.

चोरांबद्दल जे लिहिलंय ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं लंडनला नाहीतर बोटीवर, मोठाली घरं, आणि दरोडे पडलेत ते आपण बघितलंय, त्यांची भीती खरी आहे. पण दरोडेखोर पहाटे तीनला चार-पाच जण मिळून येतात आणि सत्तरी उलटलेला माणूस झोपेतून उठून चष्मा शोधून उशाखालचं पिस्तूल नीट चालवेल ही अपेक्षाच कशी करायची, उलट ते पिस्तूल त्यांच्याच हाती लागणार. अमेरिकेत गाड्यांत ठेवलेली पिस्तुलं चोरीला जाणं ही पोलिसांची मोठी डोकेदुखी झालीय, म्हणजे चोराला पिस्तूल पुरवतो कोण, तर सज्जन माणूसच.

अजून एक गोष्ट आहे जी पुरुष मंडळींच्या पत्रांत आली नाही म्हणून मी लिहिते. अमेरिकेत 2021 साली बंदुकीने 48,830 माणसं गेली आणि त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक चोराच्या नाही तर स्वतःच्याच हाताने गेले. घरात कर्ज असतं, पोराचं काही बिनसलेलं असतं, नवरा पिऊन आलेला असतो, आणि असली रात्र सरते, सकाळी माणूस पुन्हा माणसात येतो, पण हाताशी भरलेलं पिस्तूल असलं तर ती सकाळ येतेच असं नाही. बायकांनी तर याचा विचार करावाच. मारणाऱ्या नवऱ्याकडे कायद्याने पिस्तूल असलं तर ती बाई तक्रार द्यायला बाहेर पडेल का.

न्यूयॉर्कचं उदाहरण पण कुणीतरी दिलं होतं, अर्धवट दिलं. तिथे 1913 पासून पिस्तूल घेऊन फिरायला खास कारण दाखवावं लागायचं, साधारण आपल्यासारखंच. 2022 च्या जूनमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती अट रद्द केली, कारण 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने त्यांना हत्यार बाळगायचा हक्क आहे. आपल्या घटनेत तसा हक्क नाही, हा फरक पत्रात आलाच नाही. आणि त्यानंतर न्यूयॉर्क गप्प बसलं नाही, त्याच वर्षी नवा कायदा करून 16 तास वर्गात आणि 2 तास प्रत्यक्ष गोळी चालवायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं, टाइम्स स्क्वेअर आणि भुयारी रेल्वेत पिस्तूल बंद केलं. घ्यायचंच तर हे घ्या त्यांच्याकडून.

आपल्या सरकारकडे मागायचंच असेल तर शेतकऱ्यांच्या बंदुकीबद्दल मागा. निवडणूक आली की बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायला सांगतात, पंचायत असो, विधानसभा असो की लोकसभा, आणि तेवढ्या दिवसांत डुकरं, माकडं, गवे काही आचारसंहिता पाळत नाहीत. ज्याच्यावर कधी साधी तक्रार नाही अशा शेतकऱ्याला यातून सूट द्या, अर्ज तालुक्यातच घ्या, नूतनीकरणासाठी म्हाताऱ्या माणसाला पणजी-मडगावच्या फेऱ्या मारायला लावू नका. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांची यादी प्रत्येक पोलीस स्टेशनने करावी, रात्रीची गस्त त्या घरांवरून जावी, बीटच्या हवालदाराचा नंबर त्यांच्या फोनजवळ लिहून चिकटवावा. आमच्या आमदारांना मी हे पत्राने कळवलंय, बाकीच्या वाचकांनी पण आपापल्या आमदारांना कळवावं, अधिवेशनात हा प्रश्न लावून धरायला सांगावं.

आपली,
एक वाचक, सत्तरी