विमानतळांमधले अंतर: सरळ आणि खरे

महोदय,
दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर सांगताना सहलीच्या जाहिरातींत नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा सर्रास छापला जातो. पृथ्वी गोल असल्याने तो चुकतो. लेह आणि श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) घ्या. अक्षांशांत २२.५ अंशांचा आणि रेखांशांत १५.२ अंशांचा फरक आहे. दोन्हींना सरसकट अंशाला १११ किमी लावून कर्ण काढला तर ३०१० किमी येतात, खरे अंतर २९४० किमीच्या आसपास. कारण रेखांशाचा एक अंश लेहजवळ जेमतेम ९२ किमीचा असतो.

पद्धत सोपी आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. येणाऱ्या संख्येचा व्यस्त कोसाइन (म्हणजे ज्या कोनाचा कोसाइन ती संख्या आहे, तो कोन) अंशांत काढून १११.२ ने, म्हणजे एका अंशाच्या किमीने, गुणा. घोटाळा होतो तो लेहचा अक्षांश, ३४ अंश ८ मिनिटे, ३४.०८ असा लिहिल्याने; एका अंशात ६० मिनिटे, म्हणून तो ३४.१३ हवा. तेवढ्यानेच ठिकाण सुमारे सहा किमी हलते.

पण प्रवाशाच्या कामाचा आकडा वेगळाच. दिल्लीमार्गे हेच अंतर सुमारे ३१०० किमी होते. शिवाय दुपारी वारे वाढतात, तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल कमी मिळते, म्हणून लेहची उड्डाणे बहुधा सकाळीच. पुण्याहून निघणाऱ्याने दिल्लीचा मुक्काम धरूनच तिकीट काढावे. जाहिरातदारांनी सरळ अंतर आणि मार्गाचे अंतर वेगवेगळे छापावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे