जाहीर केला यूएसबी ३.२, हातात दिला यूएसबी २.०

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी व उत्पादन विभाग प्रमुख

विषय: नव्या फोनच्या १२८ जीबी मॉडेलमध्ये जाहीर केलेला वेगवान यूएसबी पोर्ट नसणे, आणि ते कबूल न करता ग्राहकाला नऊ दिवस फिरवणे.

तुमच्या ग्राहक सेवेशी आज झालेला तिसरा कॉल ४१ मिनिटं चालला आणि "तुमचं तिकीट क्लोज करतोय" (तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद) या वाक्यावर संपला. तिकीट बंद झालं, तक्रार आहे तिथेच आहे. तिन्ही तिकिटांचे क्रमांक तुमच्याकडे आहेत. फोन तुम्हीच बनवलाय, त्यामुळे यूएसबी २.० आणि ३.२ मधला फरक तुम्हाला सांगायला नको. तो तुमच्या हेल्पलाइनला माहीत नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

नव्या फोनच्या घोषणेच्या कार्यक्रमात हार्डवेअरच्या बदलांची यादी दाखवली. त्यात अख्खा पडदा भरून एक ओळ होती: यूएसबी ३.२, १० जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट. त्या ओळीवर चांदणी नव्हती, खाली टीप नव्हती. लगेच एकच केबल लावून फोन मॉनिटरला जोडला आणि मोठ्या पडद्यावर डेस्कटॉप उघडून दाखवला. लोकांना याच गोष्टीचा सर्वांत जास्त आनंद झाला, कॅमेऱ्यापेक्षाही. कारण या किमतीच्या तुमच्या फोनांत इतकी वर्षं तोच ४८० एमबीपीएसचा (सेकंदाला ४८० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) यूएसबी २.० येत होता, जो २००० सालचा आहे. "अखेर दिला" म्हणून अनेकांनी पूर्वनोंदणी केली. मीही केली, तुमच्याच वेबसाइटवरून, पूर्ण पैसे भरून.

हातात आलेल्या १२८ जीबीच्या फोनमध्ये तो पोर्ट नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. लॅपटॉपचा १० जीबीपीएसचा पोर्ट, १० जीबीपीएसची केबल. या जोडीला एसएसडी (बाहेरून लावायची वेगवान डिस्क) लावली की लिनक्सच्या यूएसबी यादीत तिच्यासमोर १००००एम, म्हणजे १० जीबीपीएस, दिसतं. तीच केबल, तोच पोर्ट, फक्त एसएसडी काढून तुमचा फोन लावला की ४८०एम. केबल उलटी करून लावली, तरी ४८०. टाइप-सीमध्ये बाजू बदलली की वेगवान तारांचा दुसरा संच वापरला जातो, म्हणून एखादी पिन खराब असती तर एका बाजूने तरी वेग मिळाला असता. मॅकवरही सिस्टिम रिपोर्टमध्ये हाच आकडा येतो. तुमच्या पहिल्या तिकिटावर "फाइल ट्रान्सफर मोडमुळे वेग कमी" असं कारण लिहिलंय. तो मोड संथ असतो हे मान्य, पण त्यामुळे फाइल उशिरा जाते, जोडणीचा वेग ४८० वर येत नाही. खात्रीसाठी संगणक बाजूला ठेवून एसएसडी थेट फोनला लावली आणि फोनमधूनच फाइल कॉपी केली. सेकंदाला ३८ एमबी. यूएसबी २.० ची मजल एवढीच असते, ३५ ते ४०.

आणि ज्याने शंकेला जागाच उरत नाही ती गोष्ट: मॉनिटर लागत नाही. टाइप-सीच्या तोंडात २४ संपर्क असतात. यूएसबी २.० ला त्यातली डेटाची एक जोडी पुरते. वेगवान यूएसबीसाठी आणखी चार जोड्या असतात आणि मॉनिटरला जाणारं चित्रही त्याच चार जोड्यांवरून जातं. त्या जोड्या बोर्डावर चिपपर्यंत आणलेल्याच नसतील तर वेगही मिळणार नाही आणि चित्रही. माझ्या फोनमध्ये दोन्ही मिळत नाही. तीन मॉनिटर, दोन केबली, एक हब, सगळीकडे फोन फक्त चार्ज होतो. कार्यक्रमात जे दाखवून टाळ्या घेतल्यात, ते या मॉडेलमध्ये होऊच शकत नाही.

याचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो तेही लिहितो, कारण आज मला तेच विचारलं गेलं. ४के, ६० फ्रेमचं, कमी जागा घेणाऱ्या एचईव्हीसी प्रकारातलं चित्रीकरण मिनिटाला साधारण ४०० एमबी खातं. अडीच तासांचा एक कार्यक्रम म्हणजे ६० जीबी. १२८ जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम वजा जाता शंभरच्या आसपास उरतात, म्हणजे एका कार्यक्रमानंतर फोन रिकामा करावाच लागतो. तुमच्या पोर्टने त्याला २६ मिनिटं लागतात. जाहीर केलेल्या पोर्टचा निम्म्याहून कमी वेग धरला, सेकंदाला ४०० एमबी, तरी अडीच मिनिटांत काम झालं असतं. वेगवान पोर्टची खरी गरज कमी स्टोरेज घेणाऱ्यालाच असते, कारण त्यालाच फोन पुन्हापुन्हा रिकामा करायचा असतो. तुम्ही नेमका त्याचाच पोर्ट काढून घेतलात.

आता आजचा कॉल. तो सविस्तर लिहितोय, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी मागणी आहे.

मराठीसाठीचा क्रमांक दाबला. ११ मिनिटांनी माणूस आला. पहिला प्रश्न: "सर, फोन रीस्टार्ट केला का?" केला. "ओरिजिनल केबल वापरताय का?" मी म्हटलं, खोक्यातली केबलच यूएसबी २.० ची आहे, तिच्यात वेगवान तारा नाहीत, म्हणून १० जीबीपीएसची वेगळी केबल घेतलीय. तो म्हणाला, "सर, मग थर्ड पार्टी केबलमुळेच प्रॉब्लेम आहे. बॉक्समधली लावा." लावली. ४८०. "बघा सर, कनेक्ट होतंय ना?" कनेक्ट होतंय हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. वेगाचं काय, असं विचारल्यावर त्याने फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं. मी सांगितलं की परवाच, दुसऱ्या कॉलवर, तुमच्याच सांगण्यावरून रीसेट केलाय आणि काडीचाही फरक पडलेला नाही. "सर, सिस्टिममध्ये दिसत नाहीये, परत करावा लागेल, नाहीतर पुढची स्टेप ओपन होत नाही."

रीसेट म्हणजे काय हे तुमच्या त्या स्टेप लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? बँकेची प्रत्येक अ‍ॅप पुन्हा सिमकार्डाशी जोडावी लागते. यूपीआय नव्याने सुरू केल्यावर पहिले २४ तास ₹५,००० च्या वर पैसे पाठवता येत नाहीत. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड आधी दुसरीकडे हलवले नसतील तर ती खाती बंद पडतात. चॅटचा बॅकअप परत यायला तास जातो. एवढं सगळं कशासाठी, तर बोर्डावर नसलेल्या तारा सापडाव्यात म्हणून! दुसऱ्यांदा रीसेट करायला मी नकार दिला. मग वायफायचा सल्ला आला. "सर, केबल कशाला? वायफायने पाठवा ना, फास्ट जातं." हे मात्र खरं आहे. फोनचा वायफाय चांगल्या राउटरवर सेकंदाला ७५ एमबीच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या फोनची हवेतली जोडणी त्याच्या केबलच्या दुप्पट वेगवान आहे, आणि ही गोष्ट तुमचा माणूस मला उपाय म्हणून सांगत होता.

मी सांगितलं, मला उपाय नको, उत्तर हवं: १२८ जीबीच्या मॉडेलमध्ये यूएसबी ३.२ आहे की नाही? हो किंवा नाही. त्याने होल्डवर टाकलं. ९ मिनिटं. होल्डवर वाजत होती ती याच फोनची जाहिरात. परत आल्यावर त्याचं वाक्य होतं: "सर, नॉर्मल युजरला तो फरक जाणवत नाही. तुम्ही उगाच टेस्ट करत बसलात."

हे वाक्य तुम्ही तुमच्या कार्यालयात मोठ्याने वाचा. जो फरक विकायला अख्खा पडदा वापरलात, तोच फरक पैसे घेतल्यावर जाणवण्यासारखा नाही? आणि जो ग्राहक विकत घेतलेली वस्तू तपासून बघतो, तो उगाच बसलेला? मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. वरिष्ठ बाई आल्या. आवाज शांत होता, पण त्यांनीही आधी "पुढच्या अपडेटमध्ये फिक्स होईल" असंच सांगितलं. अपडेटने सॉफ्टवेअर बदलतं, बोर्डावर तारा येत नाहीत, हे मी त्यांना समजावलं. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला तेच फीचर हवं होतं तर वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं. १२८ मध्ये ते नाहीये." नऊ दिवस, तीन कॉल, एक रीसेट, आणि उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं! हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सात दिवसांच्या मुदतीत फोन परत केला असता. मुदत संपली आणि मग खरं बोललात. बदली फोन मागितला तर म्हणाल्या, "रिटर्न विंडो क्लोज झालीय." पहिला कॉल दुसऱ्या दिवशीच केला होता. विंडो तुम्ही संपवलीत, मी नाही.

साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आलो. तिथल्या तंत्रज्ञाने खोटं सांगितलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो. त्याने स्वतःच्या केबलने तपासलं, मान हलवली आणि जॉबशीटवर "नो फॉल्ट फाउंड" लिहिलं. त्याच्या यादीत याला दुसरं काही लिहायची सोयच नाही. फोन बिघडलेला नाही, फोन बनवलाच तसा आहे.

दोन मॉडेलांना वेगवेगळे पोर्ट देऊ नका असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आयफोन १५ ला यूएसबी २ दिला आणि १५ प्रोला १० जीबीपीएसचा, आणि तसं दोन्ही फोनांच्या तपशिलात लिहिलं. घेणारा वाचून ठरवू शकत होता. तुम्ही नाव एकच ठेवलंत, तपशिलाचं पान एकच ठेवलंत आणि पानाच्या तळाशी, राखाडी रंगात, मोबाइलवर चिमटीने मोठं केल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलंत: काही वैशिष्ट्ये व्हेरिएंटनुसार बदलू शकतात. कुठली? कुठल्या व्हेरिएंटमध्ये? मराठी पानावर ही टीपसुद्धा इंग्रजीत आहे. स्टोरेजचंही तेच. पानावर यूएफएस ४.० (फोनमधल्या स्टोरेजचा प्रकार) लिहिलंय आणि माझ्या फोनमध्ये सलग वाचनाचा वेग सेकंदाला २,००० एमबीच्या खालीच अडकतो. हा आकडा यूएफएस ३.१ चा असतो, ४.० चा याच्या दुपटीला जातो. त्याबद्दल विचारायची सोयच उरली नाही, कारण त्यालाही आधी रीसेट करायला सांगाल.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ पासून लागू आहेत. खुलाशाची टीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावी, आणि दिशाभूल करणारा दावा टिपेतून सावरून घेऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. पहिल्या तिकिटाची पोच सहाव्या दिवशी आली.

माझ्या मागण्या: फोन परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, किंवा याच किमतीत २५६ जीबीचं मॉडेल द्या. वरचे पैसे मी भरणार नाही, कारण मी यूएसबी ३.२ चे पैसे आधीच भरलेत. १२८ जीबीच्या मॉडेलमध्ये कुठला यूएसबी, कुठलं स्टोरेज आणि मॉनिटर जोडता येतो की नाही, हे लेखी कळवा. आणि पानावर व्हेरिएंटनुसार वेगळे रकाने करा, म्हणजे पुढच्या माणसाच्या तोंडाला पानं पुसली जाणार नाहीत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. वकीलही लागणार नाही. तिन्ही तिकिटं, जॉबशीट, कार्यक्रमातल्या त्या पडद्याचं छायाचित्र आणि दोन्ही वेगांचे व्हिडिओ तयार आहेत.

हा घरातला तुमच्या कंपनीचा चौथा फोन. आधीचे तीन चांगले चालले, एकाची बॅटरी पाच वर्षं टिकली. याच भरवशावर दोन नातेवाइकांना हाच फोन सुचवला होता. दोघांनाही १२८ जीबीच घ्यायचा होता. काल दोघांना फोन करून थांबवलं.

आपला ग्राहक,
सातारा

ता. क. – आज संध्याकाळी तुमचं पान पुन्हा उघडून पाहिलं. १२८ जीबीवर बोट ठेवलं तरी खाली यूएसबी ३.२ च दिसतंय. तारखेसह त्याचं चित्र सोबत जोडलंय.