शंका घेणाऱ्याला येडा ठरवून काय मिळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की पृथ्वी सपाट आहे, उत्क्रांती झालीच नाही असलं काहीबाही बोलणाऱ्यांना सरळ हसून गप्प करावं, नादी लागू नये. मला काही ते पटलं नाही बघा, म्हणून लिहितोय.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या सोलापुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. यंदा आमच्या कॉलनीत पोरांसाठी मैदानात एक पाईप उभा केला होता, ऊन तर विचारूच नका, टाळू भाजत होती, आणि साडेबाराच्या जरा आधी सावली खरंच पाईपच्या बुडाशी गोळा झाली. मग एका सरांनी सांगितलं की बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावलीतला साधारण ७ अंशांचा फरक आणि त्या गावांमधलं अंतर धरून पृथ्वीचा घेर काढला. तेवढ्यात मागनं एक इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणतो, "पण सर, जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी दोन गावांत सावली वेगळीच पडणार की." झालं! "काय बे, यूट्यूब बघून आला का?" म्हणून सगळे खिदळले आणि पोरगं मान खाली घालून गेलं.

आता गंमत अशी की त्याचा मुद्दा बरोबर होता. दोनच काठ्या असतील तर सूर्य सहा-साडेसहा हजार किलोमीटर उंचीवर ठेवा, तेच आकडे सपाट जमिनीवर पण जुळतात. इरॅटोस्थेनिसनं पृथ्वी गोल आणि सूर्य लई लांब हे आधीच धरलं होतं. पण सूर्य एवढा जवळ असता तर संध्याकाळी लांब जाताना बारीक दिसला असता ना, ग्रहणाचा चष्मा लावून बघा, दुपारी केवढा आणि मावळताना केवढा, फरक नाही. आणि सपाट जमिनीवर तो मावळलाच नसता, नुसता लहान लहान होत गेला असता. पाच मिनिटांचं काम होतं हे सांगायचं, पण हसणाऱ्यांपैकी किती जणांना ते सांगता आलं असतं देव जाणे.

आणि शंका घेणारा कधी कधी खरा पण निघतो. पोटातला अल्सर म्हटलं की कारण टेन्शन आणि तिखट, आपल्या शेंगा चटणीवर किती आळ आला असेल! ऑस्ट्रेलियाचे वॉरेन आणि मार्शल हे डॉक्टर म्हणाले बहुतेक अल्सरमागं जिवाणू असतो, कोणी मनावर घेईना, शेवटी १९८४ साली मार्शलनं ते जिवाणू स्वतः पिऊन दाखवले, २००५ ला दोघांना नोबेल. उलट २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा नावाच्या प्रयोगात न्यूट्रिनो म्हणजे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही म्हणणाऱ्या आइन्स्टाइनलाच धक्का, तर त्या शास्त्रज्ञांनीच आकडे सगळ्यांपुढं ठेवले की चूक कुठंय बघा, आणि पुढच्या वर्षी सापडलं की एक ऑप्टिकल केबल नीट बसलेली नव्हती. एक खरा निघाला, एक खोटा, पण दोन्हीकडं निकाल लागला तो तपासूनच.

याचा अर्थ कोणाच्याही हो ला हो म्हणा असा नाही. तोच फॉरवर्ड दहाव्यांदा पाठवणाऱ्याला मी एवढंच विचारतो, काय दिसलं तर तुझं मत बदलेल? काहीच नाही म्हणाला तर चहा पाजायचा आणि पावसाचा विषय काढायचा. फक्त कोणी असलंच काही वाचून शुगरच्या गोळ्या बंद करत असेल तर तिथं लगेच आडवं पडायचं, पण ते पण न चिडता, नाहीतर तो गोळ्या बंदच ठेवतो आणि आपल्याला सांगायचं पण बंद करतो.

संपादक साहेब, एक विनंती. महिन्यातून एकदा अर्धा कॉलम अशा शंकांना द्या, कितीपण येडपट वाटू देत, आणि उत्तर कॉलेजच्या प्राध्यापकांकडून घ्या. नाव छापू नका म्हणजे पोरं लिहितील.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर